एकविसावा खिळा

मित्रांनो, माझ्या अंगात एकवीस खिळे ठोकलेले आहेत. हे ऐकून लगेच 'अरेरे' म्हणू नका. त्यातले वीस माझे दागिने आहेत. एकविसाव्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तीच सांगायला मी आज बसलो आहे. बसलो म्हणजे टांगलेलाच आहे, पण बोलण्याची एक रीत असते.

मी फळा आहे, पण शाळेतला नव्हे. खडू मला कधी शिवला नाही. डुनाबी गावच्या फुटबॉल क्लबचा शनिवारचा संघ ज्याच्यावर टांगला जातो, तो मी. आमचा फुटबॉल लांबुळक्या चेंडूचा. चेंडू पायानं मारायचा, हातानं झेलायचा आणि मध्ये कुणी आलं तर त्याला खांद्यानं बाजूला सारायचं. दुसऱ्या कुठल्या फुटबॉलचं नाव डुनाबीत काढू नका, लोक तुम्हाला चहासुद्धा विचारणार नाहीत.

नॉर्म पॅस्को नावाच्या सुतारानं १९४७ साली मला घडवलं. युद्धावरून परतलेला तो माणूस मोजकं बोलायचा आणि हातांनी भरपूर काम करायचा. नदीकाठी पुरात आडवं झालेलं रेडगमचं एक झाड होतं. लाकूड लाल आणि दगडासारखं जड. त्यातून नॉर्मनं मला कापलं, वर्षभर सावलीत वाळवलं आणि मग रंधा मारला. पुढे वाळवीनं दोनदा माझी चव घेऊन पाहिली आणि दोन्ही वेळा नाक मुरडलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण क्लबची पहिली खोली याच वाळवीनं फस्त केली होती.

माझ्याआधी संघ कॅप्टनच्या तोंडून जाहीर व्हायचा. शुक्रवारी तो एकाला एक सांगायचा, दुसऱ्याला दुसरं, आणि शनिवारी एकाच जागेवर तीन जण छाती काढून उभे राहायचे. नॉर्म म्हणाला, "तोंडचं वाऱ्यावर जातं. लाकडावर असलेलं बरं." मग त्यानं माझ्या अंगावर तीन-तीन खिळ्यांच्या सहा ओळी ठोकल्या, मैदानावरच्या अठरा जणांसाठी. खाली दोन खिळे बाकावर बसणाऱ्यांसाठी. प्रत्येक खेळाडूच्या नावाची तळहाताएवढी पांढरी पाटी केली. नावं लिहायची त्याची बायको आयव्ही. ती पोस्टात काम करायची आणि तिचं अक्षर असं की पाकीट फोडायला जीव होऊ नये. दर एप्रिलमध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, खेळणाऱ्यांच्या पाट्यांवर ती काळ्या रंगाचा नवा हात फिरवायची.

गुरुवारी संध्याकाळी सराव संपला की संघ निवडणारे तिघं बाहेर यायचे. नॉर्मनं एक नियम घातला होता. प्रत्येक पाटीला तिघांचा हात लागला पाहिजे, मगच ती खिळ्यावर चढेल. एकानं जरी हात मागे घेतला, तरी पाटी पुन्हा डब्यात. व्हरांड्यात सगळं गाव उभं असायचं. पाट्या चढत असताना कुणी खोकत नसे. पाद्रीबाबांना रविवारी एवढी शांतता कधी मिळाली नाही, हे त्यांनीच मला बघून कबूल केलं होतं. शेवटची पाटी चढली की मात्र जो गलका उठायचा, त्यानं छपरावरचे काकाकुवे उडून जायचे. याला का घेतलं, त्याला का बसवलं, निवडणाऱ्यांचे डोळे तपासून घ्या. आणि हे सगळं माझ्याकडे बोट दाखवून. आठवडाभर गावाचं लक्ष ज्याच्याकडे लागलेलं असतं, अशी वस्तू होण्याचं भाग्य किती लाकडांना मिळतं, तुम्हीच सांगा.

आता एकविसावा खिळा. तो माझ्या उजव्या कडेला, सगळ्यांपासून फटकून ठोकलेला आहे. मैदानावर आडदांडपणा केला म्हणून जिल्ह्याच्या चौकशी मंडळानं ज्याला खेळायला बंदी केली, त्याची पाटी त्या खिळ्यावर जायची, नावाची बाजू माझ्या अंगाकडे करून. दोन आठवड्यांची बंदी तर दोन आठवडे, सहाची तर सहा. शिक्षा संपली की त्या खेळाडूनं स्वतः येऊन पाटी सुलटी करायची. "नाव पुसायचं नाही," नॉर्म म्हणायचा. "थोडे दिवस तोंड भिंतीकडे, एवढंच."

त्या खिळ्याशी डार्सी क्विल्टीचं जुनं नातं होतं. डार्सी मेंढ्यांची लोकर कातरायचा. दिवसाला दीडशे मेंढ्या गुडघ्यात दाबणारा माणूस, त्याचे दंड कसे असतील ते समजून घ्या. सतराव्या वर्षी तो आमचा फुलबॅक झाला. फुलबॅक म्हणजे आपल्या गोलाच्या तोंडाशी उभा राहणारा शेवटचा माणूस. त्याच्या मागे फक्त खांब. नऊ हंगाम माझ्या पहिल्या ओळीतला मधला खिळा डार्सीचा होता. अधूनमधून तो एकविसाव्या खिळ्यावर जाऊन यायचा, बाईमाणूस माहेरी जाऊन येतं तसा.

त्याच्या गोष्टी अजून सांगतात. एकदा बोट निखळलं तर त्यानं ते लोकरीच्या दोऱ्यानं शेजारच्या बोटाला बांधलं आणि सामना पुरा केला. एकदा शेजारच्या वॉटलटँक गावच्या एका खेळाडूनं त्याला शिवी दिली. डार्सीनं त्याला उचलून कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर बसवलं आणि परत येऊन आपल्या जागेवर उभा राहिला. लोक हसून हसून बेजार झाले. पण मित्रांनो, मी फळा आहे, वकील नाही. डार्सी रांगडा होता, आणि कधी कधी त्याच्याही पलीकडे जायचा. ज्यांना त्याचा खांदा लागला ते हसले नाहीत.

१९६३ सालचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला, शेजारच्या वॉटलटँक गावाशी. त्यांचा बर्नी ऑल्डस बावीस वर्षांचा होता. अंगानं बारीक आणि असा चपळ की हाती लागायचा नाही. सामन्याच्या शेवटच्या पाव भागात बर्नी चेंडू घेऊन गोलाकडे निघाला आणि डार्सी त्याच्यावर गेला. नेमकं काय घडलं ते मी पाहिलं नाही, कारण माझ्यापुढे माणसांच्या पाठी होत्या. मी ऐकला तो फक्त एक आवाज. सुकलेली फांदी मोडावी तसा. बर्नीचा जबडा दोन ठिकाणी मोडला. त्याची आई कुंपण ओलांडून मैदानात आली आणि तिनं डार्सीला छत्रीनं झोडपलं. छत्री मोडली. डार्सी मान खाली घालून उभा राहिला. आम्ही चार गुणांनी जिंकलो, पण त्या दिवशी व्हरांड्यात कुणी मोठ्यानं गायलं नाही.

मंडळापुढे एकच प्रश्न होता. डार्सीचं कोपर लागलं तेव्हा चेंडू बर्नीच्या हातात होता की त्यानं तो आधीच मारला होता? चेंडू हातात असलेल्या माणसाला अडवणं हा खेळ आहे. चेंडू गेल्यावर मारणं हा खेळ नव्हे. डार्सी म्हणाला, "हातात होता." पंच म्हणाले, "गेला होता." मंडळानं पंचांचं ऐकलं आणि डार्सीला जन्मभराची बंदी घातली. त्या गुरुवारी नॉर्मनं त्याची पाटी मधल्या खिळ्यावरून उतरवली, उलटी केली आणि कडेच्या खिळ्यावर टांगली.

डार्सी त्यानंतर क्लबच्या पायऱ्या चढला नाही. पण सामना एकही चुकवला नाही. दर शनिवारी त्याची गाडी उत्तरेकडच्या गोलामागे, कुंपणाला नाक लावून उभी असायची. आमच्या बचावातल्या कुणी चांगला झेल घेतला की तो दोनदा हॉर्न वाजवायचा. खाली उतरायचा नाही. आणि माझ्यासमोर लोक भांडायचे. हातात होता, गेला होता. साखरपुड्यात हाच वाद, मयताच्या चहालाही हाच वाद. एकविसाव्या खिळ्यावर दुसऱ्यांच्या पाट्या आल्या, आठवड्यांनी सुटून गेल्या. डार्सीची पाटी जिथल्या तिथे, माझ्या छातीला तोंड लावून.

मग माझेही वाईट दिवस आले. नॉर्म गेला, आयव्ही गेली. क्लबनं चकचकीत पांढरा फळा आणला, लोहचुंबकाचे तुकडे चिकटवायचा. पुढे तोही गेला आणि संघ फोनवर येऊ लागला. माझ्या पाट्या बिस्किटांच्या एका डब्यात भरल्या आणि मला गवत कापायच्या यंत्रामागे उभं केलं. सव्वीस वर्षं मी तिथे होतो. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले. कुणीतरी माझ्यावर रंगाचा डबा ठेवला, त्याचा गोल डाग अजून आहे. फक्त डार्सीची पाटी कुणी काढली नाही. जन्मभराची शिक्षा संपायच्या आत ती काढायची कुणी? अंधारात आम्ही दोघंच होतो. खरं सांगतो, तिचा मला आधार वाटायचा.

क्लबला शंभर वर्षं झाली तेव्हा नोएलीननं मला बाहेर काढलं. नोएलीन ही नॉर्म आणि आयव्हीची लेक. आता साठी ओलांडलेली. क्लबचं स्वयंपाकघर तीच बघते आणि मुलामुलींचा संघही तीच शिकवते. शंभर वर्षांतल्या सगळ्या खेळाडूंमधून एक संघ निवडायचा ठरलं होतं, आणि तो माझ्यावर टांगायचा. निवडणारे तिघं. एक नोएलीन. दुसरा मॉरी, ट्रक चालवून निवृत्त झालेला आणि आवाजानं अजून ट्रकच असलेला. तिसरा स्टॅव्ह. गावात त्याचं तळलेल्या माशांचं दुकान आहे. त्याचं घराणं मूळचं ग्रीसचं, पण शिव्या सगळ्या डुनाबीच्या. त्यानं मला घासून धुतलं आणि जवसाचं तेल चोळलं. माझा लाल रंग पुन्हा वर आला. मी तुम्हाला काय सांगू, मला परत सुताराच्या हाताखालून निघाल्यासारखं वाटलं.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी तिघं क्लबच्या खोलीत माझ्यासमोर बसले. भोपळ्याचं सूप होतं. पाट्यांचा डबा मध्ये ठेवला होता. जुन्या पाट्या इतक्या पुसट झाल्या होत्या की एकेक खिडकीशी धरून ओळखावी लागत होती. खेळणं थांबलं की आयव्हीचा हात फिरायचा नाही, आणि व्हरांड्यातल्या उन्हानं बाकीचं काम केलं होतं.

एकोणीस जागांवर भांडणं झाली आणि मिटली. मग मॉरी म्हणाला, "पहिली ओळ, मधला खिळा. यात बोलायचं काय आहे? क्विल्टी."

"मी हात लावणार नाही," नोएलीन म्हणाली.

"का गं बाई? त्याच्यासारखा फुलबॅक या जिल्ह्यात झाला नाही. तुझे बाबाच म्हणायचे."

"बाबांनीच ती पाटी तिकडे टांगलीय ना? ते का विसरतोस?"

"साठ वर्षं झाली त्याला."

"मॉरी, मंगळवारी मी या मैदानावर बारा वर्षांच्या मुलींना शिकवते, की कुणाच्या डोक्याला, तोंडाला हात लावायचा नाही. आणि शनिवारी त्यांच्यासमोर जबडा मोडणाऱ्याचं नाव वर चढवू? कोणत्या तोंडानं?"

"अगं, खेळ होता तो. तेव्हाचे लोकच तसे दणकट."

नोएलीननं डब्यातून एक पाटी काढली आणि टेबलावर ठेवली. ती रॉसची होती, तिच्या नवऱ्याची. रॉस सोळा हंगाम खेळला होता आणि त्यानं डोक्यावर किती दणके खाल्ले होते याची मोजदाद नव्हती. दोन वर्षांपूर्वी तो गेला.

"शेवटी शेवटी तो मला त्याच्या बहिणीच्या नावानं हाक मारायचा," ती म्हणाली. "एकदा ही पाटी मी त्याच्या हातात दिली. म्हटलं, बघ, ओळख. तर म्हणाला, हा कोण? तुम्ही लोक दणकट-दणकट म्हणून टाळ्या पिटता. घरी बसून ते निस्तरावं लागतं आम्हाला."

स्टॅव्ह सुपात चमचा फिरवत राहिला. मला वाटलं, संपलं आता. आणि मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही, मला नोएलीनचं पटतही होतं आणि वाईटही वाटत होतं.

मॉरी पुटपुटला, "पण चेंडू हातात होता."

"तो चेंडू साठ वर्षं तुझ्याच तोंडात आहे," नोएलीन म्हणाली. "गिळ एकदाचा."

तेवढ्यात दारावर कुणीतरी काठी आपटली. काठी नव्हती, जुनी काळी छत्री होती. ती टेकत एक म्हातारा आत आला. त्याची हनुवटी थोडी डावीकडे गेलेली होती. स्टॅव्ह खुर्चीवरून उठून उभा राहिला, कारण वॉटलटँकच्या बर्नी ऑल्डसला आमच्या जिल्ह्यात कोण ओळखत नाही?

"पेपरात वाचलं, संघ निवडताय म्हणून," बर्नी म्हणाला. "सूचना मागवल्या होत्यात. मी माझी घेऊन आलोय. फुलबॅक क्विल्टी."

"तुम्ही?" नोएलीन म्हणाली.

"मग कोण? हे बघ बाई, मला साठ वर्षं सफरचंद किसून खावं लागतंय. कुणी विचारलं की मी सांगतो, माझा जबडा या जिल्ह्यातल्या सगळ्यात भारी फुलबॅकनं मोडला. माझ्या नातवंडांना हेच सांगितलंय. आता तुम्ही तिथे दुसऱ्या कुणाला टांगणार? मग मी काय सांगू त्यांना? दोन नंबरच्या माणसानं मोडला?"

मॉरी हसायला लागला आणि नोएलीनचा चेहरा बघून थांबला.

"त्यांनी कधी तुमची माफी मागितली?" तिनं विचारलं.

बर्नी खुर्चीवर बसला. छत्री त्यानं मांडीवर आडवी घेतली. "सामन्यानंतरच्या आठवड्यात आमच्या दारात ही छत्री होती. नवी कोरी. आईची मोडली होती ना. चिठ्ठी नव्हती, पण आमच्या सगळ्या घराला कळलं कुणी ठेवली ते."

"छत्री ठेवून जाणं सोपं असतं," नोएलीन म्हणाली. "तोंडानं बोलणं अवघड. शनिवारी, सामन्याआधी, मिस्टर क्विल्टींनी इथे यावं आणि तुमच्यासमोर बोलावं. मग मी पाटीला हात लावीन. नाही आले तर मधला खिळा रिकामा राहील."

"तो यायचा नाही," मॉरी म्हणाला. "साठ वर्षांत पायरी चढला नाही तो."

निरोप स्टॅव्हनं नेला. दर शुक्रवारी तो म्हाताऱ्या डार्सीला माशाचं पुडकं पोचवतो. परत येऊन त्यानं सांगितलं, डार्सीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पुडकं उघडलं आणि म्हणाला, "मासा गार होतोय."

शनिवारी मला पुन्हा व्हरांड्यात टांगलं. सगळं गाव जमलं होतं, वॉटलटँकचेही निम्मे लोक आले होते. मैदानाभोवती गाड्यांची रांग होती आणि उत्तरेकडच्या गोलामागे ती एक गाडी नेहमीच्या जागी, काचा वर करून उभी होती. नोएलीन कागदावरून नावं वाचू लागली. तिघांचे हात लागत होते आणि पाट्या चढत होत्या. नावं कुणाला वाचता येत नव्हती, पण टाळ्या कमी नव्हत्या. रॉसची पाटी चढली तेव्हा नोएलीननं ती बोटानं सरळ केली आणि पुढचं नाव वाचलं. शेवटी एकोणीस पाट्या झाल्या. मधला खिळा रिकामा होता. व्हरांड्यातली सगळी डोकी माझ्याकडून गाडीकडे आणि गाडीकडून माझ्याकडे वळत होती.

बर्नी उठला. छत्री टेकत तो कुंपणाच्या कडेनं निघाला. अर्धं मैदान वळसा घालून जायला त्याला दहा मिनिटं लागली. त्यानं छत्रीच्या मुठीनं गाडीच्या काचेवर टकटक केली. काच खाली आली. दोघं काय बोलले ते मला इतक्या दुरून ऐकू आलं नाही. मग दार उघडलं.

दोघं म्हातारे कुंपणाच्या कडेनं परत आले. एक छत्री टेकत, दुसरा कुंपणाचा आधार घेत. पायऱ्यांपाशी डार्सी थांबला. लोकांनी वाट करून दिली. "बर्नी म्हणाला चहा आहे," तो म्हणाला, आणि वर चढला.

एकसष्ट वर्षांनी तो माझ्यासमोर उभा राहिला. ज्या खांद्यांना जिल्हा घाबरायचा, ते आता कोटात बुडाले होते. त्यानं उलट्या पाटीवर बोट ठेवलं. पण ती काढली नाही. तो बर्नीकडे वळला.

"चेंडू गेला होता," तो म्हणाला.

मॉरीची मान झटकन वर आली. डार्सी बर्नीकडेच बघत राहिला.

"तू मारला होतास. मला दिसला जाताना. तरी मी आलो. आणि मंडळापुढे खोटं बोललो. दर शनिवारी वाटायचं, आज जाऊन सांगावं. जमलं नाही. मला माफ कर, बर्नी."

"मला माहीत आहे की गेला होता," बर्नी म्हणाला. "मीच मारला होता ना." मग त्यानं डोळे पुसले, लपवले नाहीत. "आईला छत्री आवडली होती. मरेपर्यंत वापरली तिनं."

मॉरीनं टोपी काढून हातात घेतली. बिचाऱ्याचा साठ वर्षांचा वाद एका वाक्यात गेला होता. स्टॅव्ह त्याच्या कानाशी म्हणाला, "आता सोमवारपासून नवा वाद शोध. मी मदत करतो."

डार्सी नोएलीनकडे बघत होता. "हे ऐकल्यावर तू नको म्हणालीस तरी चालेल, पोरी. माझी पाटी आहे तिथे बरी आहे."

नोएलीन पुढे आली. क्षणभर तिनं माझ्याकडे पाहिलं, तिच्या बापानं रंधा मारलेल्या लाकडाकडे. मग एकविसाव्या खिळ्यावरच्या पाटीला तिनं हात लावला. तिच्या शेजारी मॉरीनं लावला, मग स्टॅव्हनं.

"शिक्षा संपली की पाटी ज्याची त्यानंच सुलटी करायची, मिस्टर क्विल्टी," ती म्हणाली. "बाबांचा नियम आहे."

डार्सीनं पाटी सुलटी केली.

मित्रांनो, आता जे सांगतो ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं. माझ्यावरच्या एकोणीस पाट्या उन्हानं खाल्लेल्या होत्या. पण ही एक पाटी एकसष्ट वर्षं माझ्या अंगाला तोंड लावून होती. ऊन तिच्या नावाला शिवलं नव्हतं. आयव्हीनं त्या वर्षी एप्रिलमध्ये फिरवलेला काळा रंग जसाच्या तसा होता, कुळकुळीत. आडनावाच्या पहिल्या अक्षराची, इंग्रजी 'क्यू'ची, शेपटी ती नेहमी जरा ऐटीत वळवायची, तीही तशीच. पुढे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "एवढं एकच नाव वाचता येतंय." कुणी हसलं नाही. नोएलीननं आईच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मग पाटी डार्सीच्या हातात दिली. त्यानं ती मधल्या खिळ्यावर लावली. जरा तिरकी लागली. बर्नी म्हणाला, "उजवीकडे घे," आणि छत्रीच्या टोकानं त्यानंच सरळ केली.

त्या दिवशीच्या टाळ्या मी अजून अंगावर बाळगून आहे. मला नॉर्मचा अभिमान वाटला, ज्यानं नाव पुसायला नाही म्हटलं. बर्नीचा वाटला, नोएलीनचा वाटला. आणि डार्सीचा तर सगळ्यात जास्त, कारण तो त्या दिवशी जेवढा मोठा दिसला तेवढा कुठल्याही सामन्यात दिसला नव्हता. नंतर दोघं आत जाऊन बसले आणि लॅमिंग्टन केक चहात बुडवून खात राहिले. बर्नीला बुडवूनच खावा लागतो. डार्सीनंही बुडवला.

पुढच्या रविवारी नोएलीननं बारीक कुंचला आणला. डार्सीची पाटी समोर ठेवून, आईची अक्षरं गिरवत, तिनं बाकीची एकोणीस नावं परत लिहिली. पहिलं रॉसचं लिहिलं. आता मी पुन्हा व्हरांड्यात आहे आणि दर गुरुवारी संध्याकाळी मुलींचा संघ माझ्यावर चढतो. त्यासाठी नव्या पाट्या केल्या आहेत, जुन्या आत क्लबच्या खोलीत मांडल्या आहेत.

माझं एवढंच मागणं आहे. जुन्या लाकडाला वर्षातून एकदा तेल लावत जा, आणि त्याच्यावर रंगाचे डबे ठेवू नका. आणि तुमच्याही ओळखीत कुणाचं नाव भिंतीकडे तोंड करून टांगलेलं असेल. त्याचा दोष झाकू नका, डार्सीनंही शेवटी झाकला नाही. पण तो माणूस दर शनिवारी कुंपणापर्यंत येत असेल, तर कुणीतरी चालत जाऊन काचेवर टकटक करा. तो जिवंत असताना करा.

एकविसावा खिळा फार दिवस रिकामा राहिला नाही. गेल्या महिन्यात मुलींच्या संघातल्या एकीला दोन आठवड्यांची बंदी झाली. तिनं दुसरीला धक्का देऊन पाडलं होतं, आणि चेंडू गेला होता. तिनं तिथल्या तिथे पंचांना तसं सांगितलं. गुरुवारी रडत-रडत आली आणि आपली पाटी आपणच उलटी करून टांगली. मला तिला काही सांगता आलं नाही, लाकूड आहे मी. पण तिचं नाव माझ्या छातीशी आहे, आणि त्याला मी ऊन लागू देणार नाही.